कालिदासाचं ‘शाकुंतल’ रंगभूमीबाहेर कुठे कुठे पोहोचलं?

खूप लांब. १७८९ मध्ये विल्यम जोन्सचा इंग्रजी अनुवाद कलकत्त्यात छापला गेला आणि दोन वर्षांत जर्मन कवी गटे त्यावर कविता लिहून मोकळा झाला. ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टने १८२० मध्ये ऑपेरा लिहायला घेतला, पण तो अपुराच राहिला.

मला सर्वांत भावतं ते राजा रविवर्म्याचं चित्र. पायात रुतलेला काटा काढायच्या निमित्ताने शकुंतला सखीच्या आधाराने थांबते आणि मान वळवून मागे बघते. नाटकात दुसऱ्या अंकात दुष्यंत हा बहाणा विदूषकाला नुसता सांगतो. तिथे चार ओळींचं वर्णन, इथे तेच अख्खं चित्र! दुष्यंत मात्र चौकटीत कुठेच नाही. तिची नजरच त्याची जागा दाखवते. फ्रेंच शिल्पकार कामी क्लोदेलने शिल्पासाठी उलट दोघांची पुनर्भेट निवडली: तो गुडघ्यावर, ती त्याच्याकडे झुकलेली.

आपल्याकडे १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ उभं केलं, आधी फक्त चार अंकांचं. मराठी संगीत नाटकाची खरी घोडदौड तिथूनच सुरू झाली. १९४३ मध्ये शांतारामबापूंनी आपल्या राजकमल या चित्रसंस्थेचा पहिला चित्रपटही याच कथेवर काढला. सुरुवात करायची तर आधी रविवर्म्याचं चित्र बघा, मग दुसरा अंक वाचा.