शरणार्थी की निर्वासित? ‘शरण’ म्हणजे आधी घर

विचारणा अशी आहे : ब्रिटिश संसदेतल्या एका सदस्याने असायलम सीकर, सार्वजनिक सेवा आणि उच्च शिक्षण यांबद्दल सरकारला लेखी प्रश्न विचारले. त्यांचे मराठी करताना ‘असायलम सीकर’ला निर्वासित म्हणावे की शरणार्थी? ‘शरणार्थी हा हिंदी शब्द आहे’ असे सांगून संपादकांनी तो खोडला आणि सगळीकडे ‘निर्वासित’ केले. हे योग्य आहे का?

अजिबात योग्य नाही. या एका खाडाखोडीने बातमी चुकीची होते, आणि ही चूक आता रोज कानावर पडते. १९५१ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची रास्त भीती असलेला, आपल्या देशाबाहेर असलेला माणूस म्हणजे रेफ्युजी. असायलम सीकर म्हणजे ‘मी असा आहे’ असे सांगून ज्याने अर्ज केला आहे आणि ज्याच्या अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही, तो. इंग्लंडमध्ये निकालाच्या अलीकडे आणि पलीकडे माणसाचे सगळे आयुष्य बदलते. दर्जा मिळालेल्याला विद्यापीठात देशी विद्यार्थ्याची फी लागते (२०२५-२६ साठी कमाल ९,५३५ पौंड) आणि सरकारी शैक्षणिक कर्जही मिळू शकते. निकालाची वाट पाहणाऱ्याला साधारणपणे परदेशी विद्यार्थ्याची, म्हणजे कितीतरी जास्त फी पडते आणि कर्ज मिळत नाही. काही विद्यापीठे स्वतःच्या अधिकारात सवलत देतात, तेवढाच आधार. साधारणपणे त्याला नोकरीही करता येत नाही. स्वतः रांधून खाणाऱ्या गरजूला गृहखात्याकडून जानेवारी २०२४ पासून आठवड्याला ४९.१८ पौंड मिळू लागले. मुलांची शाळा आणि निकाल लागेपर्यंत दवाखाना मात्र फुकट. आता ‘निर्वासितांना शैक्षणिक कर्ज का नाही, असा सवाल खासदाराने केला’ हे वाक्य पाहा. निर्वासितांना कर्ज मिळते! सदस्याने विचारले होते ते निकाल न लागलेल्यांबद्दल. भाषांतरकाराने प्रश्नच निराधार करून टाकला.

‘निर्वासित’ची फोड फारशी अवघड नाही. निर् + वस्, त्यातही प्रयोजक : ज्याला वस्तीतून बाहेर घालवले तो. हे कर्मणी रूप आहे, म्हणजे घालवणारा दुसराच कोणी असतो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबे आली, १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले, आणि हा शब्द मराठीत पक्का बसला. रेफ्युजीसाठी तो राहू द्यावा. त्याच काळात उत्तरेत ‘शरणार्थी’ चालू होता आणि तो अनेक पंजाबी-सिंधी लोकांना झोंबत असे. ते स्वतःला ‘पुरुषार्थी’ म्हणवून घेत. त्यांनी बदलले ते पहिले पद. ‘अर्थी’ तसाच ठेवला, हे लक्षात घ्यावे.

कारण सगळी किल्ली त्या ‘अर्थी’तच आहे. अर्थ् म्हणजे मागणे. प्रार्थना, अभ्यर्थना त्यातूनच आल्या. (अर्ज मात्र अरबी. ‘अर्थ’वरून ‘अर्ज’ आला असे ठासून सांगणारे भेटतात, त्यांचे ऐकू नये.) जुन्या न्यायव्यवहारात फिर्यादीला अर्थी आणि समोरच्याला प्रत्यर्थी म्हणत. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात स्वच्छ सांगितले आहे : ‘प्रत्यर्थिनोऽग्रतो लेख्यं यथावेदितमर्थिना’. अर्थीने जसे सांगितले तसे प्रत्यर्थीसमोर लिहून घ्यावे, आणि त्यावर वर्ष, महिना, पक्ष, दिवस, नाव, जात वगैरे खुणा घालाव्यात. ब्रिटनमध्ये आश्रयाचा अर्ज करणाऱ्याची पहिली मुलाखत होते ती अशीच : नाव, राष्ट्रीयत्व, कोणत्या वाटेने आलात. देश का सोडला हे सविस्तर विचारतात ते पुढच्या, मोठ्या मुलाखतीत. अर्ज फेटाळला आणि तो न्यायाधिकरणात अपिलाला गेला, तर प्रत्यर्थी म्हणून गृहमंत्र्यांचे पद लिहिले जाते. अर्थी म्हणजे ज्याचे मागणे नोंदले गेले आणि ज्याचा निवाडा व्हायचा आहे असा माणूस. ‘असायलम सीकर’साठी याहून नेमका शब्द घडवूनही घडणार नाही, आणि तो आपल्याकडे तयार आहे. विद्यार्थी, परीक्षार्थी हे ज्यांना मराठी वाटतात त्यांनी शरणार्थी तेवढा हिंदी ठरवायचा, याला काही आधार नाही.

हिंदीशी संबंध आहे तो वेगळा आणि खरा धोक्याचा. हिंदीत ‘शरणार्थी’ रेफ्युजीलाच म्हणतात. हिंदी मजकुरावरून मराठी बातमी करणारा दोन्ही शब्द एकाच पारड्यात टाकतो. म्हणून बातमीत पहिल्यांदा येईल तिथे ‘शरणार्थी, म्हणजे आश्रयाच्या अर्जाचा निकाल बाकी असलेले’ एवढे सहा-सात शब्द खर्च करावेत. आपल्याकडेही ‘अर्थी’ची धार बोथट झाली आहे. लाभार्थी म्हणजे लाभ मागणारा; पण ‘योजनेचे लाभार्थी’ आपण म्हणतो ते मंजुरी मिळालेल्यांना. त्याच सवयीने वाचक शरणार्थ्याला शरण मिळालेच आहे असे समजतो.

आता ‘शरण’. ‘शरण म्हणजे हार मानणे, म्हणून शरणार्थी हा अपमानकारक शब्द’ हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. ‘पोलिसांना शरण’ हा मथळ्यांतला अर्थ मागाहूनचा. अमरकोश काय म्हणतो? ‘शरणं गृहरक्षित्रोः’. शरण म्हणजे घर, आणि रक्षण करणारा. आधी घर! ‘मामेकं शरणं व्रज’ किंवा ‘बुद्धं सरणं गच्छामि’ यांत शरण हे नाम आहे, द्वितीयेतले, गतीचे ठिकाण दाखवणारे. जसे ग्रामं गच्छामि, तसे शरणं गच्छामि. शब्दशः घ्यायचे तर, आसऱ्याच्या घरी जातो. मराठीने ‘शरण जाणे, शरण येणे’ एवढे क्रियापदाला चिकटवून ठेवले आणि नाम गमावले. म्हणूनच ‘शरण मागितली’ हे मराठी कानाला खटकते. तिथे ‘आश्रय मागितला’ म्हणावे. (‘राजाश्रय’ नको. तो कवींना, गवयांना मिळतो. पोलिटिकल असायलम म्हणजे राजकीय आश्रय.)

व्युत्पत्तीत मात्र मोठमोठ्यांनी घोळ घातला आहे. आपट्यांच्या संस्कृत कोशात शरण हा शॄ धातूपासून दिला आहे, म्हणजे फाडणे, नष्ट करणे. का, तर ‘ज्याने दुःख शीर्ण होते ते’. अशी ओढाताण केली तर कोणताही शब्द कोणत्याही धातूपासून काढता येतो! घराच्या अर्थाशी फाडण्याचा काय संबंध? काहीजण श्रि धातूकडे, म्हणजे आश्रयाकडे वळतात. ते अर्थाने जवळचे आहे, पण रूप जुळवायला कसरत करावी लागते. सरळ वाट तौलनिक भाषाशास्त्राने दाखवली आहे : झाकणे या अर्थाचे एक प्राचीन मूळ. त्यातून संस्कृतात शरण, शर्म (संरक्षण, आसरा) आणि शाला; लॅटिनमध्ये खोलीला ‘सेल्ला’; इंग्रजीत ‘हॉल’. र आणि ल यांच्या अदलाबदलीची अडचण ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच वैयाकरणांचे ‘रलयोरभेदः’ आठवावे. शरण आणि शाळा ही एकाच छपराखालची भावंडे आहेत. मला तर ही व्युत्पत्ती संस्कृतातल्या सर्वांत सुंदर व्युत्पत्तींपैकी वाटते. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. त्यात बायका आणि मुलेच फार. त्या छावणीत शाळा निघाल्याच. आसरा आणि शाळा एकत्र येतात याला भाषेच्या पोटातच कारण आहे. आश्रय मागणाऱ्यांच्या शिक्षणाबद्दल विचारणारा सदस्य दोन वेगळे विषय जोडत नसतो.

इंग्रजी ‘असायलम’ची वाट वेगळी. ग्रीक ‘असिलॉन’ : अ नकाराचा, आणि ‘सिलॉन’ म्हणजे जबरदस्तीने ओढून नेण्याचा हक्क. जिथून कोणाला ओढून नेता येत नाही ती जागा.

आणि प्रश्न ‘टेबल’ करणे? ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ दाखल करणे; अमेरिकेत बाजूला ठेवणे. मराठीत ‘प्रश्न पटलावर ठेवला’ लिहू नये. पटलावर मंत्री अहवाल आणि कागदपत्रे ठेवतात; सदस्य प्रश्नाची सूचना देतो. ‘पटल’ हा शब्द टेबलाच्या ध्वनीवरून उचलला गेला असावा असे माझे मत आहे, कारण संस्कृतात त्याचा अर्थ मेज नाहीच. ‘पटलं छदिः’, पुन्हा अमरकोशच : पटल म्हणजे छप्पर! शरण छप्पर, शाळा छप्पर, पटलही छप्पर.

‘तारांकित’ हा शब्दही ब्रिटिश लेखी प्रश्नाला लावू नये. १९०२ पासून हाऊस ऑफ कॉमन्समध्ये ज्याला तोंडी उत्तर हवे त्याच्या प्रश्नापुढे तारा छापू लागले. आपला तारांकित त्याच रिवाजाचा. लेखी उत्तराचा तो अतारांकित. तिकडे ठरावीक तारखेला उत्तर मागण्याचा एक प्रकार आहे, सदस्याला दिवसाला असे पाचच प्रश्न देता येतात. त्याला ‘नियत दिनांकाचा प्रश्न’ म्हणता येईल. नोंद असलेला पहिला संसदीय प्रश्नसुद्धा पळून गेलेल्या माणसाबद्दलच होता. १७२१ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये अर्ल काउपर यांनी विचारले, साउथ सी कंपनीचा खजिनदार रॉबर्ट नाइट देशाबाहेर पळाला आणि ब्रुसेल्सला पकडला गेला हे खरे का? ब्रुसेल्स ज्या प्रांतात येते त्या ब्राबांटने आपल्या जुन्या सनदेवर बोट ठेवून त्याला परत देण्याचे नाकारले. असिलॉन, अगदी मूळ अर्थाने!

‘पब्लिक सर्व्हिसेस’ला सार्वजनिक सेवा हेच बरे. ‘लोकसेवा’ म्हटले की एकाला लोकसेवा आयोगाची नोकरी आठवते आणि दुसऱ्याला २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम.

रूपे विद्यार्थीसारखी चालवावीत : शरणार्थ्याला, शरणार्थ्यांनी. ‘शरणार्थींना’ नको. स्त्रीलिंगी शरणार्थिनी, ‘र्थि’ ऱ्हस्व. समासातही ऱ्हस्वच, मंत्रिमंडळाप्रमाणे : शरणार्थिशिबिर, शरणार्थिनिवास.