सीपॅपच्या पट्ट्यामुळे केस तुटतात आणि चपटे बसतात, काय करावं?

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, त्याचा मास्क डोक्यामागे पट्ट्यांनी बांधतात. तुम्ही लिहिलंय की सकाळी उठल्यावर पट्ट्याखालचे केस चपटे झालेले असतात, मानेवरचे तुटायला लागलेत, आणि घरचे म्हणतात एकतर केस काप नाहीतर मशीन ठेवून दे. दोन्ही करू नका. मी वेंगुर्ल्यात शिवणकाम करते. केस कमरेपर्यंत आहेत. झोपेत माझा श्वास तासाला 30 पेक्षा जास्त वेळा अडकत होता, म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबात तीव्र. आज मशीन लावल्याशिवाय मी आडवी होत नाही आणि केसही जागेवर आहेत. हा प्रश्न वाचल्यावर गप्प बसवेना म्हणून लिहिते आहे.

केस तोडतो तो आवळलेला पट्टा. मशीनवर त्याचं खापर फोडू नका. पट्टा आवळावा लागतो कारण मास्क मापाचा नसतो. मापात न बसणारा ब्लाऊज हूक ओढून बसवला की शिवण उसवते, तसंच हे. शिवण दोषी नसते, माप चुकलेलं असतं.

माझ्या घरी मशीन घेऊन जो मुलगा आला होता त्याने मला खुर्चीत सरळ बसवलं, मशीन बंदच होतं, आणि मास्क चढवून चारही पट्टे खेचले. म्हणाला, बसला बघा फिट. रात्री आडवी झाले तशी गालाजवळून हवा फुसफुसायला लागली. दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणाला, "काकी, अजून थोडा आवळा." आवळला. तरी हवा निघतच होती. पुन्हा आला तेव्हा त्याने मागे माझा अंबाडा बघितला आणि सरळ सांगितलं, "काकी, केस बारीक केलेत तर पट्टा नीट बसेल."

थोरल्या जाऊबाई दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरोबर सांगता तो. आता ह्या वयात केसांचा काय घेवन बसलंस?"

माझं माहेर आसोलीचं. आमच्याकडे शिमग्याच्या आगेमागे सुरंगी फुलते. कळ्या पहाटे झाडावर चढून काढाव्या लागतात, उन्हं वर आली की काम संपलं. आई त्यातला एक वळेसर, म्हणजे गजरा, माझ्यासाठी बाजूला ठेवायची, उरलेले बाजारात जायचे. मी अजूनही त्या दिवसांत रोज माळते. केस ठेवायचे की कापायचे हे ठरवायचा हक्क त्या मुलालाही नव्हता आणि जाऊबाईंनाही नव्हता. पन्नाशी झाली म्हणजे बाईने आरशात बघणं सोडायचं, हे मला मान्य नाही. आजारी माणसाला तर मुळीच सांगू नये. रोज रात्री तोंडावर नळी बांधून झोपायची सवय करणं सोपं नसतं. त्यात सकाळी आरशात बघवेना झालं तर माणूस चार दिवसांत मशीन कपाटात टाकतो.

पण तेव्हा माझे केस खरंच तुटत होते. कानाच्या मागून मानेपर्यंत, बरोबर पट्ट्याच्या रेषेत, बोटाच्या पेराएवढे आखूड केस उभे राहिले होते. गळलेले केस मी उजेडात धरून बघितले. मुळापासून सुटलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका असतो. यातल्या एकालाही तो नव्हता, म्हणजे मुळं शाबूत होती आणि केस मधूनच तुटत होते. तुम्हीही आधी हेच बघा. आखूड, कमीजास्त लांबीचे केस फक्त पट्ट्याखाली असतील तर दोष पट्ट्याचा. सगळ्या डोक्यावरून मुळासकट गळत असतील तर थायरॉइड, रक्तातलं लोह बघून घ्या, पाळी जाण्याचं वय असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. त्या गळतीशी पट्ट्याचा संबंध नाही.

हे सगळं मी घरात समजावून सांगितलं. उपयोग शून्य. जाऊबाईंनी मांडवात, जत्रेत, भेटेल त्याला सांगितलं की हिचे केस मशीनने गेले. आणि याचा परिणाम काय झाला ते सांगते, कारण मला खरी चीड त्याची आहे. माझे थोरले दीर माझ्याहून वाईट घोरतात. मध्येच श्वास थांबतो तो भिंतीपलीकडे कळतो. त्यांचीही तपासणी झाली, डॉक्टरांनी मशीन लिहून दिलं, आणि भावोजींनी घेतलं नाही. कारण विचारलं की माझ्याकडे बोट दाखवतात.

1981 साली ऑस्ट्रेलियात डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी पहिल्यांदा हा उपचार जगापुढे मांडला तेव्हा नाकावरचा मास्क रोज रात्री चक्क चिकटवावा लागायचा. तिथून इथवर लोकांनी मास्क सुधारत आणले ते आपल्याला घालता येईल असा मास्क मिळावा म्हणूनच. मग केसांसाठी थोडी खटपट केली तर ती चैन कशी?

आता उपाय. मास्क आडवं होऊन, मशीन चालू ठेवून बसवायचा. मास्कच्या आतल्या गादीची, म्हणजे चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ भागाची, सिलिकॉनची कड हवेने फुगते तेव्हाच चेहऱ्याला टेकते, तिला फुगायला जागा लागते. पट्टे सगळे सैल करून सुरुवात करा आणि हवा निघायची थांबेपर्यंतच ओढा, त्यापुढे एक खाचही नाही. पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. तरी हवा निघाली तर गादीचं माप बदलून मागा, किंवा गादी जुनी होऊन लिबलिबीत झाली असेल तर नवी घ्या. माझं मापच एक नंबर मोठं दिलं होतं. गादी बदलली, आणि पट्टे इतके सैल झाले की मलाच विश्वास बसेना. नाक मोकळं असेल आणि झोपेत तोंड उघडत नसेल तर नाकपुड्यांशी बसणाऱ्या छोट्या मास्कबद्दल डॉक्टरांना विचारा, त्याला पट्टे कमी आणि बारीक असतात.

अंबाडा मागे घालून झोपू नका, पट्टा नेमका तिथेच बसतो. सैल वेणी घालून खांद्यावरून पुढे घ्या. केस ओले असताना मास्क अजिबात लावायचा नाही. ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो, शिवाय सुकताना पट्ट्याचा आकार धरून बसतो. आपल्याकडे आषाढ-श्रावणात संध्याकाळी न्हालेले केस रात्रीपर्यंत वाळत नाहीत, तेव्हा न्हाणं सकाळीच उरकायचं. खोबरेल लावायचं तर न्हाण्याआधी लावा. केसांत ते मुरतं आणि धुताना केसांचं रक्षण करतं. रात्री लावलेलं तेल मात्र पट्ट्याला आणि गादीला लागतं, मास्क सरकतो, आणि आपण परत आवळतो.

पट्ट्याला सॅटिनची खोळ शिवा. विकत मिळतात त्या बहुतेक लोकरीसारख्या जाड असतात, आपल्या दमट हवेत मान घामाने भिजते. ब्लाऊजच्या अस्तराला येतं ते मऊ सॅटिन घ्यायचं, उरेप, म्हणजे तिरकं, कापायचं म्हणजे पट्ट्याबरोबर ताणलं जातं. रुंदी पट्ट्याच्या दुप्पट आणि अर्धा इंच शिलाईला. शिवण बाहेरच्या अंगाला येऊ द्या, केसांच्या बाजूला गुळगुळीत कापडच हवं. वेल्क्रो जिथे चिकटतो तेवढी टोकं उघडी ठेवा. वेल्क्रोच्या आकड्यांची बाजू पूर्ण दाबून बसवली नाही तर केस ओढून काढते, माझे निम्मे केस तिथेच तुटले असतील. म्हणून रात्री-सकाळी वेल्क्रो सोडायचाच नाही, बाजूची क्लिप काढून मास्क उतरवायचा. खोळ घातली की पट्टा एकदा पुन्हा जुळवून घ्या, कापडाची जाडी वाढलेली असते.

पट्टे आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा, उन्हात इलॅस्टिक मरतं. पावसात दोन दिवस वाळत नाहीत, त्यामुळे जोडी असलेली बरी. कंपन्या साधारण 6 महिन्यांनी हेडगिअर, म्हणजे पट्ट्यांचा संच, बदलायला सांगतात. आपल्याला दरवेळी परवडतं असं नाही, पण सैलावलेलं इलॅस्टिक दर रात्री थोडं जास्त ओढावं लागतं, हे लक्षात असू द्या.

चपटेपणाचं विचाराल तर तो सगळ्यात सोपा. केसांतले काही बंध पाण्याने सुटतात आणि सुकताना नवा आकार धरतात. सकाळी मुळांशी पाणी शिंपडा, बोटांनी उलट्या दिशेने उचला, पंख्याखाली वाळू द्या. कोरड्या केसांवर कंगवा कितीही फिरवला तरी पट्ट्याची रेघ जात नाही. रोज ड्रायर नको.

दोन गोष्टी राहिल्या. पट्ट्याच्या रेषेत केस विरळ होऊन टाळू दिसायला लागली असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. सततच्या ओढीने गेलेले केस सुरुवातीला परत येतात, वर्षानुवर्षं ओढ राहिली तर येत नाहीत. आणि काही मास्कच्या क्लिपमध्ये लोहचुंबक असतं. तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तर तसला मास्क घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.

तुमचा मास्क कुठला ते तुम्ही लिहिलं नाही. फक्त नाकाचा की तोंडासकट, ते कळवा. खोळीचं माप नीट सांगता येईल.

आणि आमच्या घरातलं कोणी हे वाचत असेल तर, माझी वेणी आता पूर्वीइतकीच जाड आहे, येऊन हात लावून बघा. भावोजींचे केस तर मुळात बोटभर, त्यांना पट्ट्याचं निमित्त सांगायलाही जागा नाही. त्यांची तपासणीची फाईल घेऊन डॉक्टरांकडे पुन्हा जायचं असेल तर सोबत मी येते, येत्या सोमवारी दुकान बंदच असतं.