नाताळात मोज्यांऐवजी काय टांगावं? गोव्यातल्या घरासाठी माझं उत्तर

तुमचा प्रश्न असा: नुकतेच पर्वरीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलात, मुलीला घरी नाताळची सजावट हवी आहे, पण भेटी घालायला टांगतात ते बाजारातले लाल-पांढरे लोकरी मोजे तुम्हाला पटत नाहीत. त्यांच्या जागी घर सजेल आणि आत खाऊ, भेटवस्तूही राहील असं काय करावं?

माझं उत्तर शिंकं. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं एकेक. बाकीचे पर्यायही सांगते, पण आधी शिंकंच का ते सांगते.

मोज्याची प्रथा जिथे रुजली तिथे मोजा ही घरातलीच वस्तू होती. चौथ्या शतकात मायरा (आताच्या तुर्कस्तानात) इथे संत निकोलस बिशप होते. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं व्हावीत म्हणून त्यांनी रात्री गुपचूप सोनं टाकलं आणि ते भिंतीतल्या शेकोटीपाशी (फायरप्लेस) वाळत घातलेल्या मोज्यात पडलं, अशी आख्यायिका आहे. नेदरलँड्समधली मुलं मोज्याऐवजी बूट ठेवतात आणि त्यात संताच्या घोड्यासाठी गाजर किंवा गवत घालतात. ज्या घरात जे हाताशी असेल त्यात भेट, असा हा सगळा मामला. आपल्याकडे ना तशी शेकोटी, ना लोकरी मोजे. पण दूध-लोणी मांजरापासून वाचवायला आढ्याला शिंकं टांगायची रीत जुन्या घरांत होती. मुलीला बाळकृष्णाच्या गोष्टीमुळे ते माहीतही असेल.

करायला सोपं आहे. काथ्याच्या बारीक दोरीचे प्रत्येकी पाचेक फुटांचे चार तुकडे घ्या आणि थोडा वेळ पाण्यात भिजवा, म्हणजे हाताला टोचत नाहीत आणि गाठ नीट बसते. चारही मधोमध एकत्र धरून एक पक्की गाठ मारा. आता आठ टोकं सुटी झाली. शेजारशेजारची दोन-दोन टोकं गाठीपासून चार बोटांवर बांधा. मग प्रत्येक जोडीतलं एक टोक शेजारच्या जोडीतल्या एकाशी, आणखी चार बोटं वर. जाळी तयार होते. त्यात मातीचं बोळकं बसवायचं आणि वर सगळी टोकं एकत्र बांधून टाकायची. बोळकी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बघा. डिचोलीचं मातीकाम तर नावाजलेलं आहे, तिकडे गेलात तर जरूर घ्या. संक्रांतीच्या सुगडापेक्षा थोडी मोठी आणि रुंद तोंडाची निवडा, नाहीतर मुलीचा हात आत जाणार नाही. बाहेरून गेरू, त्यावर चुन्याचे पांढरे ठिपके किंवा नाव. नाताळचे लाल आणि पांढरा दोन्ही रंग त्यातच आले. माझ्या मते यापेक्षा देखणं काही नाही.

मातीचं फुटण्याची भीती वाटत असेल तर त्याच जाळीत बांबूची छोटी टोपली ठेवा. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं आणि ८ तारखेला पणजीचं फेस्त (चर्चचा उत्सव) असतं. तिथल्या फेरीत (जत्रेच्या बाजारात) फिरताना घरगुती सामानाच्या दुकानांवर लक्ष ठेवा.

दुसरा पर्याय मला फार आवडतो, तो पोफळीच्या (सुपारीच्या झाडाच्या) विरीचा. झावळीच्या बुंध्याचा तो रुंद, चामड्यासारखा भाग झाडाखाली आपोआप गळून पडतो. फोंडा-सत्तरीकडच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) ओळख असेल तर कुणीही आनंदाने देईल. रात्रभर पाण्यात ठेवली की विरी मऊ पडते. मग घासून धुवायची, पानाच्या पुडीसारखी निमुळती गुंडाळायची, कडेला दाभणाने भोकं पाडून सुतळीने शिवायची आणि सुकेपर्यंत कपड्यांचे चिमटे लावून ठेवायची. सुकल्यावर आकार पक्का होतो. फक्त कडक उन्हात पूर्ण वाळवा, दमट राहिली तर बुरशी धरते. तिच्यावर रंग मात्र लावू नका. तिच्या मूळच्या बदामी रेषाच इतक्या सुंदर असतात की रंगाने त्या झाकल्या जातील.

शिवणाची आवड असेल तर कुणबी कापडाचे बटवे शिवा. लाल-पांढऱ्या चौकड्यांचं हे कापड फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा चर्चेत आणलं. नाडी ओढली की तोंड बंद, हा बटव्याचा मोठा फायदा. दिवाळीचा आकाशकंदील माळ्यावर असेल तर त्याच्या सांगाड्याला पुड्या लोंबवूनही छान दिसतं, पण आत फक्त एलईडी दिवा लावा.

चतुर्थीला गणपतीवर टांगतात त्या माटोळीची चौकट वापरावी का, असंही कुणी सुचवेल. मला ते पटत नाही. ती गणपतीची, ती तिथेच राहू दे. फळं-फुलं तोल सांभाळून बांधायची तिची पद्धत मात्र जरूर शिकून घ्या.

आत काय घालावं? खाजे उत्तम, कारण ते कोरडे असतात आणि टिकतात. कुलकुलं (तळलेला छोटा गोड खाऊ), नेवऱ्या (करंज्या), काजूही चालतील. दोदोल (नारळ-गुळाची मऊ मिठाई) नको, त्याचं तेल सुटतं. खाऊ २४ च्या रात्रीच भरा, तोही झाकणाच्या डबीत. आधी भरलात तर मुंग्या दोरीवरून रांगेने येतील. खेळण्यांसाठी सावंतवाडीला चक्कर मारा. तिथली लाकडी फळं आणि भोवरे बोळक्यात अगदी मावतात.

एक आग्रहाने सांगते. एक शिंकं जास्त करा आणि शेजारच्या ख्रिस्ती घरी द्या. नाताळाला त्यांच्याकडून गोडाधोडाचं ताट, म्हणजे कोन्सुआद, शेजाऱ्यांकडे जातं. तुम्हालाही येईल. ते ताट रिकामं परत करायचं नसतं, तेव्हा शिंकं भरून पाठवा.

आणि २६ तारखेला सगळं उतरवू नका. ६ जानेवारीला, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचं फेस्त असतं. रेइश मागुश, कासावली, चांदर इथे मुलगे राजांच्या वेशात येतात. स्पेनमधल्या मुलांना तर भेटी याच दिवशी मिळतात. मुलीला रेइश मागुशला न्या, पर्वरीहून ते जवळच आहे, आणि घरी आल्यावर बोळक्यात एखादी छोटी वस्तू सापडू दे.

फ्लॅटच्या भिंतीला खिळे मारायची परवानगी नसेल तर पडद्याच्या दांडीला किंवा खिडकीच्या ग्रिलला बांधा. बोळकं भरून आधी दोरी हाताने ओढून बघा. उंची अशी ठेवा की मुलगी स्टुलावर उभी राहिली की तिचा हात पोचेल. किती शिंकी करायची आणि दांडी किती लांब आहे ते खाली लिहा, दोरी किती लागेल ते सांगेन.