'यजमान पेशी' आणि न बोलावलेला पाहुणा

ऐरोलीच्या एका शिक्षिकाताईंनी विचारलंय: मलेरियाच्या टिपणात 'होस्ट सेल'ला, म्हणजे जंतू जिच्यात राहतो त्या पेशीला, 'यजमान पेशी' लिहिलं तर वर्गात हशा पिकला, कारण एकीची आजी आजोबांना 'आमचे यजमान' म्हणते. शिवाय न बोलावता आलेल्याचा कोण यजमान? 'आश्रयदाती पेशी' चालेल का?

ताई, 'आश्रयदाती' नको. आश्रय राजीखुशीने देतात. 'यजमान'च ठेवा. शब्द 'यज्' धातूचा. पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो, तो 'यजति'. फळ ज्याच्या पदरात पडायचं तो 'यजते', म्हणून यजमान. पाहुणचार करणारा, घरधनी, नवरा हे अर्थ मागून चिकटले. यज्ञात खर्चही यजमानाचा, फळही त्याचंच. पेशीच्या नशिबी खर्च तेवढा येतो!

मला खटकलं ते तुमचं क्रियापद. 'परजीवी पेशीत प्रवेश करतो' हे सगळ्यांना लागू होत नाही. रक्तातली तांबडी पेशी कुणाला गिळत नाही. मलेरियाचा जंतू टोकाने तिला चिकटतो आणि स्वतःच्या जोरावर आत रेटत जातो. तिचं आवरण फाटत नाही, फुग्यात बोट खुपसावं तसं आत वळतं, आणि त्या पिशवीतच स्वारी मुक्काम ठोकते. शिरकाव मिनिटाभरात उरकतो. इथे सरळ 'घुसतो' लिहा. आत तो हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारा 'हीम' हा लोहाचा भाग त्यालाच विषारी, म्हणून त्याचे स्फटिक करून बाजूला ठेवतो. (आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीला ओला-सुका अजून जमत नाही.)

काळा आजाराचा लीशमानिया मात्र घुसत नाही. सँडफ्लाय नावाची बारीक माशी चावली की तो शरीरात येतो आणि मॅक्रोफेज नावाची भक्षक पेशी त्याला पचवायला म्हणून आपणहून गिळते. आतल्या आम्लाच्या पिशवीत तो मरत नाही, तिथेच वाढतो. त्याच्यासाठी 'गिळला जातो आणि तगतो' लिहा. 'यजमान' शब्द इथे जास्त शोभतो, पाहुण्याला हाताला धरून आत आणलंय ना!

आणि 'मलेरिया' की 'हिवताप'? पावसाळ्यात कुंड्यांखालच्या बशा तपासायला येणारे पालिकेचे लोक दोन्ही म्हणतात. मी 'हिवताप' लिहीन. हिव म्हणजे थंडी, मूळ 'हिम'. जंतूंनी भरलेल्या तांबड्या पेशी एकदम फुटल्या की आधी हुडहुडी भरते, मग ताप चढतो. शब्दातला क्रमही तोच आहे.