गाडीवर चढण्याआधी पगाराचं बोल

रत्नागिरीतल्या शेठकडे ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागतोयस, चांगलं आहे. पण "बघू, देऊ" वर चढू नकोस. महिन्याचा पगार किती, खेपेमागे भत्ता किती, टोल आणि डिझेलची उचल कुणाच्या नावावर, हे आधी बोलून घे. आणि माल खाली न होता गाडी उभी राहिली तर हॉल्टिंगचे पैसे कुणाचे? जेएनपीटी बंदराच्या बाहेर रांगेत मी दोन रात्री काढल्यात. शेठला पार्टीकडून, म्हणजे मालवाल्याकडून, हॉल्टिंग मिळालं, मला चहासुद्धा नाही. तेव्हापासून आत-बाहेरच्या वेळा वहीत लिहितो.

एप्रिल-मे हापूसचा. पेट्या सकाळी वाशीत पोचायला हव्यात, म्हणून सगळे रात्रभर पळवतात. कायद्याने आठ तासांची पाळी आहे, १९६१ पासून. विचारतो कोण, ते सोड. पण डोळा लागला तर गाडी बाजूला घे. मग १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मासळीच्या गाड्यांना काम नाही. ते दोन महिने पगार चालू राहणार का, तेही आत्ताच विचार.

आंबा घाटात भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये चढते, त्याच गिअरमध्ये उतरव. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे भेटतील. ब्रेक तापले की लायनरचा जळका वास येतो. तो आला की थांब, पण ब्रेकच्या ड्रमवर पाणी ओतू नकोस, तडकतो.

ओव्हरलोड भरला तर दंड २० हजारांपासून सुरू. वजनकाट्याची पावती खिशात ठेव, मालकाच्या नाही, तुझ्या.