मुंबईत फॉइलिंगसाठी वाऱ्याचा आणि लाटांचा रोजचा अंदाज कुठे मिळेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हवाईतल्या सर्फर आणि फॉइलवाल्यांना रोज सकाळी वाऱ्या-लाटांचा तयार अंदाज मिळतो. तुम्ही मुंबईत नुकतंच विंग फॉइल (हातात धरायची हवा भरलेली विंग, आणि पाण्याखालच्या पात्यावर, म्हणजे फॉइलवर, उचलला जाणारा बोर्ड) सुरू केलंय, ॲपवर १२ नॉट (ताशी साधारण २२ किलोमीटर) वारा बघून गिरगाव चौपाटीवर उतरता आणि विंग नुसती हातात लोंबते. आपल्याकडे असा भरवशाचा अंदाज कुठे मिळेल, आणि येत्या रविवारी, दशमीला, उतरावं का?

तयार मिळत नाही. स्वतःचा स्वतः बांधावा लागतो, आणि दोन महिने नेमाने वही लिहिलीत तर बांधता येतो. मी गिरगावातच वाढले, अकरा वर्षं विंडसर्फिंग आणि गेली चार वर्षं फॉइल करतेय. त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

आधी हवाईचं, कारण तिथली सवय इथे आणली की फसगत होते. हवाईत ईशान्येचे व्यापारी वारे वाहतात, उन्हाळ्यात तर बहुतेक रोज. माउई बेटावर दोन मोठ्या डोंगरांमधल्या सखल पट्ट्यात हा वारा चेपला जातो आणि आणखी जोर धरतो. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांच्या लाटा येतात. त्या आधी कवाई बेटाच्या वायव्येला खोल समुद्रात ठेवलेल्या बोयांवर (लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्रांवर) दिसतात आणि काही तासांनी ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर पोचतात. म्हणजे तिथे सांगणाऱ्याच्या हाताशी ठरलेला वारा असतो आणि लाटांची आगाऊ वर्दीही. (तिथले जुने सर्फर लाट मागच्या बाजूने मोजतात, त्यामुळे त्यांची ‘चार फूट’ समोरून साधारण दुप्पट असते. व्हिडिओ बघताना हे लक्षात असू द्या.)

मुंबईचा वारा पावसाळा सोडला तर रोज नव्याने उठतो आणि रोज पडतो. शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे, तेच हे. रात्री जमीन लवकर गार होते, म्हणून पहाटे पूर्वेकडून, ईशान्येकडून मतलई वाहते. दिवस चढला की जमीन तापते आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा शिरतो. मार्च ते मे तो चांगला दणकून असतो, डिसेंबर-जानेवारीत मवाळ. या दोघांच्या मधे एक पोकळी असते, आणि आपल्याकडचा सगळा खेळ त्या पोकळीचा आहे.

आता ॲप का चुकतं ते. विंडी, विंडगुरू या ॲपांवर जे आकडे दिसतात ते बहुतेक दोन हवामान मॉडेलांचे (संगणकावरच्या गणितांचे) असतात, अमेरिकेचं जीएफएस आणि युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ. जीएफएसचे आकडे साधारण २७ किलोमीटरच्या चौकोनांत मिळतात, युरोपीय मॉडेलचे चौकोन ९ किलोमीटरच्या आसपास. गेटवेपासून मांडवा सरळ रेषेत १३ किलोमीटर. म्हणजे जीएफएसच्या एका चौकोनात मलबार हिल, कुलाबा, बंदराचं पाणी आणि मांडवा सगळं मावू शकतं, आणि त्या सगळ्याचा मिळून एक आकडा तुमच्या हातात पडतो. त्यात मलबार हिलची टेकडी नाही आणि तिच्यावरचे टॉवरही नाहीत. चौपाटी आहे बॅक बेच्या डोक्याशी आणि मलबार हिल तिच्या पश्चिमेला. वायव्येचा वारा टेकडीवरून येतो तेव्हा किनाऱ्याजवळ आडोसा पडतो. तिथे वारा तुकड्या-तुकड्यांनी येतो, कधी वरून आपटतो, कधी गायब. तोच वारा राजभवनाच्या टोकापुढे गेलात की सलग आणि स्वच्छ मिळतो. ॲपचे १२ नॉट खोटे नसतात, ते तिथे बाहेर असतात. तुमच्या वाट्याला ८ आले तर फरक थोडाच वाटतो, पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ८ चे १२ झाले की वारा दीडपट, पण विंगमधली ओढ सव्वादोन पट. म्हणून फॉइल उचलत नाही. तुमचा हात कच्चा आहे असं मुळीच समजू नका.

वेळेचंही एक आहे. जीएफएसचं गणित दिवसातून चार वेळा होतं, आपल्या घड्याळाने पहाटे साडेपाच, सकाळी साडेअकरा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेअकराच्या निरीक्षणांवर. ते बाहेर यायला साडेतीन-चार तास तरी जातात. तुम्ही सकाळी सातला ॲप उघडता तेव्हा आदल्या रात्रीचं गणित वाचत असता. दहाच्या सुमारास पुन्हा बघा, पहाटेचं आलेलं असतं.

मी स्वतः काय करते? आदल्या रात्री दोन्ही मॉडेलं शेजारी ठेवते. दोघांचं पटलं तर बरं, नाही पटलं तर दुसरा दिवस फॉइलसाठी मोकळा ठेवत नाही. मग विंडीवर उंची बदलून ९२५ हेक्टोपास्कलचा वारा बघते, म्हणजे साधारण ७५० मीटरवरचा. तिथे पूर्वेचा वारा जोरात असेल तर खारा वारा अडून बसतो, तीन-तीन वाजेपर्यंत येत नाही, आणि आख्खी मुंबई भाजून निघते. ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये ‘समुद्रावरचे वारे उशिरा आल्याने पारा चढला’ अशी बातमी येते ती याचीच. वर वायव्य असेल तर मात्र खाऱ्याला पाठबळ मिळतं आणि दिवस चांगला जातो.

अकरा-साडेअकरापासून विमानतळाचा मेटार बघते. दर अर्ध्या तासाला सांताक्रूझचा खराखुरा मोजलेला वारा त्यात येतो, अंश आणि नॉट. ०६० च्या (पूर्व-ईशान्येच्या) आसपासचा आकडा ३०० कडे (पश्चिम-वायव्येकडे) वळला की खारा जमिनीवर शिरला. विमानतळ आत असल्यामुळे तिथला वेग पाण्यावरच्यापेक्षा कमी असतो, पण दिशा आणि वेळ खरी मिळते.

आणि मग डोळे. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर साडेबाराला जाऊन उभं राहा. पाणी तेलासारखं चकचकीत असतं, मोरीतल्या पाण्यासारखा कुबट वास असतो, घाम सुकत नाही. मग राजभवनाच्या टोकापलीकडे एक काळपट रेघ दिसते, पेन्सिलीने ओढल्यासारखी. ती सरकत जवळ येते, तिच्यामागचं पाणी बारीक सुरकुतलेलं असतं. रेघ कट्ट्याशी पोचली की आधी गार झुळूक कानामागे लागते, मग कट्ट्यावरच्या भेळेचे कागद उडतात. पुढच्या पाऊण तासात बाहेर पांढरे फेस दिसायला लागले की दहा-अकरा नॉट आलाच. एवढं बघून बोर्ड पाण्यात टाकला तर हात हलवत परत यायची वेळ फार क्वचित येते.

ॲपवर आकड्यांपेक्षा बाण वाचा, हे मी मांडव्याला शिकले. जानेवारीतली सकाळ होती. ॲपवर आठपासून संध्याकाळपर्यंत ९, ८, ७, ९ असे आकडे होते, मी म्हटलं दिवसभर वारा आहे. आठला मतलईवर निघाले, जमिनीकडून वारा, पाणी सपाट, फॉइल सुरेख चाललं होतं. साडेदहाला विंग एकदम पोकळ झाली. बोर्डवर बसले. ओहोटी सुरू होती आणि पाणी मला हळूहळू थळ-खांदेरीकडे ओढत होतं. हाताने वल्हवून फॉइलचा बोर्ड सरकत नाही, खालचा मास्ट (बोर्ड आणि फॉइल जोडणारा उभा दांडा) पाणी धरून ठेवतो. जेटी लहान होत गेली. तासाभराने थळकडे परतणारी एक होडी आली. तांडेलाने काही न विचारता दोर फेकला, मला वर घेतलं, जाळ्याच्या ढिगाऱ्यावर बसवलं आणि म्हणाला, ‘‘ताई, दीड वाजेपर्यंत वारा नाय आता. बस गप.’’ वारा आला एक चाळीसला. घरी येऊन ॲप पुन्हा उघडलं तेव्हा दिसलं: दहाच्या रकान्यात बाण ईशान्येकडून, एकच्या रकान्यात वायव्येकडून. बाण उलटतो तेव्हा मधे कुठेतरी वारा शून्य झालेला असतो, आणि ते शून्य कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नसतं.

तेव्हापासून मी मतलईवर एकटी उतरत नाही. जॅकेट, शिट्टी आणि पाणी न शिरणाऱ्या पिशवीत फोन कायम अंगावर असतो. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक त्यात साठवून ठेवा, आत्ताच.

भरती-ओहोटीला हवाईत फार कुणी धास्तावत नाही, तिथे पाणी जेमतेम फूट-दोन फूट चढतं. आपल्याकडे उधाणाला चार-पाच मीटर. कोळ्यांचा जुना हिशेब घ्या: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण कॅलेंडरवर नजर टाकून पाण्याची वेळ तोंडी सांगता येते. अचूक वेळेला तक्ता आहेच. फॉइलचा मास्ट पाऊण मीटरच्या पुढे असतो, म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात तो तळाला लागतो आणि तुम्ही पुढे फेकले जाता. बंदराच्या तोंडाशी आणखी एक गोष्ट होते. ओहोटीचं पाणी बाहेर जात असतं आणि खारा वारा समोरून येतो. दोघांची टक्कर होऊन लाटा आखूड आणि उभ्या होतात. त्याच वाऱ्यात, चढत्या पाण्याला तीच जागा गुळगुळीत असते.

खऱ्या सर्फच्या लाटांची आशा मुंबईत फार धरू नका. आपला समुद्रतळ शेकडो किलोमीटर उथळ आहे. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय, तिथेही खोली जेमतेम ७५ मीटर. १४ सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात ३०० मीटर असते आणि ती दीडशे मीटर खोलीपासूनच तळाला घासायला लागते. म्हणजे इथवर येता येता दमून जाते. तरी दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लाटा पाच-सात दिवसांचा प्रवास करून कधी कधी पोचतात, तेव्हा आकाश निरभ्र, वारा नाही आणि किनाऱ्यावर पाणी अचानक चढतं. हैदराबादचं इन्कॉइस हे सरकारी समुद्र-माहिती केंद्र त्याचा इशारा देतं. मे २०२४ मध्ये मुंबईलाही दिला होता. इन्कॉइसचा समुद्रस्थितीचा अंदाज रोज बघायची सवय ठेवा, लाटांच्या बाबतीत आपल्याकडे त्याच्या जवळपास जाणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

दोन ऋतूंत माझा नियम कडक आहे. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, परतीच्या पावसात, दुपारी पूर्वेकडे ढगांची काळी फळी दिसली की बाहेर यायचं. तो झोत जमिनीवरून येतो आणि समुद्रात ढकलतो. हवामान खात्याच्या कुलाबा रडारचं चित्र फोनवर दिसतं, तासाभराची कल्पना त्यावरून येते. आणि जून-जुलैत उतरायचंच नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे मला मांडव्याला उचलणारी होडीही त्या दिवसांत समुद्रात नसते. नारळी पौर्णिमेला कोळी दर्यात जातो, त्याच्या आधी आपण कशाला जावं?

याउलट, थंडीत पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारा कमी दाबाचा पट्टा) उत्तरेतून सरकून गेला की त्याच्या पाठी एक-दोन दिवस उत्तर-वायव्य वारा जोरात येतो. २३ जानेवारी २०२२ ला त्यानेच मुंबईवर धूळ आणून ओतली होती. हे दिवस ॲपवर तीन-चार दिवस आधी दिसतात आणि बहुधा खरे ठरतात.

वहीत एका दिवसाला एकच ओळ लिहा. माझ्या वहीतली एक अशी: ‘चौपाटी. जीएफएस १२, युरो १०. मेटार १२:४० ला वळला. रेघ १:१५. किनाऱ्याशी ७, टोकापुढे १२-१३. भरती चढती. ५ चौरस मीटरची विंग, छान.’ चाळीस ओळी झाल्या की चौपाटीसाठी ॲपमधून किती वजा करायचं ते तुम्हाला कळेल. माझं गणित वायव्येला एक तृतीयांश वजा, पश्चिमेला काहीच नाही.

आता तुमचा रविवार. दशमी, म्हणजे भरती सकाळी साडेसात-आठला आणि पुन्हा रात्री आठला. ओहोटी बरोबर दुपारी दोनच्या सुमारास, ज्या वेळी वारा भरात येतो. चौपाटीवर तेव्हा पाणी मागे हटलेलं असेल आणि वाळकेश्वरच्या बाजूचे खडक उघडे पडलेले असतील. दोनला उतरू नका. साडेतीनला या, पाणी चढायला लागलेलं असेल, खाऱ्याचा जोर टिकून असेल आणि सूर्यास्ताआधी दोन तास मिळतील. विंग मोठी आणा. बोर्ड छातीएवढ्या पाण्यापर्यंत चालत न्या आणि मगच वर चढा.