अहवालातील लाल खूण आणि वडिलांचा पासवर्ड

प्रश्न : वडिलांच्या रक्ततपासणीचा अहवाल डॉक्टरांचा फोन येण्याआधीच दवाखान्याच्या ऑनलाइन पोर्टलवर दिसला आणि एका आकड्यापुढील लाल खूण पाहून आम्ही घाबरलो. असे अहवाल आपण पाहावेत का? त्यासाठी वडिलांचा पासवर्ड मी वापरावा का?

उत्तर : अहवाल अवश्य पाहावा, तो रुग्णाचाच आहे. मात्र अनेक ठिकाणी प्रयोगशाळेचे निकाल थेट पोर्टलवर येत असल्याने डॉक्टरांनी ते वाचलेले असतीलच असे नाही. लाल खुणेचा अर्थ इतकाच की आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर आहे. ही मर्यादा बहुधा ९५ टक्के निरोगी व्यक्तींचे आकडे सामावतील अशी आखलेली असते, त्यामुळे ठणठणीत माणसाच्या अहवालातही ती खूण उमटू शकते. मागील अहवालातील तोच आकडा ताडून पाहा आणि शंका पोर्टलवरील संदेशातून डॉक्टरांना विचारा. छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर मात्र संदेशाच्या उत्तराची वाट पाहू नका, तातडीची वैद्यकीय मदत घ्या.

वडिलांचा पासवर्ड वापरू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. अनेक पोर्टलांवर रुग्णाच्या संमतीने नातेवाइकाला स्वतंत्र प्रवेश मिळतो. तो मागून घेतल्यास औषधाविषयी नेमके कोणी विचारले हे डॉक्टरांना कळते.